सामायिक मळ्यात भाजी नव्हे, बियाणे ठेवा

गोव्याच्या केपे तालुक्यातील एका वेळीप आदिवासी वाड्यावरून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या चौदा जणींच्या स्वयंसहाय्य गटाने तीन वर्षांपूर्वी देवळाशेजारच्या अर्ध्या एकरात सामायिक भाजीमळा सुरू केला. पहिल्या वर्षी बाहेरून मिळालेल्या बियाण्याच्या पाकिटांतून भेंडी, मुळा, वाल, तांबडी भाजी उत्तम झाली आणि अंगणवाडीतल्या मुलांनाही देता आली. दुसऱ्या वर्षी कामाला पाच जणी उरल्या. तिसऱ्या वर्षी कुंपण मोडले, माकडे शिरली आणि मळा ओस पडला. आता तो पुन्हा सुरू करावा असा आग्रह होत आहे. तो करावा का, केला तर काय लावावे, आणि कुमेरीच्या, म्हणजे डोंगरावरच्या फिरत्या शेतीच्या, काळात वाड्याचे पोट अधिक चांगले भरत होते असे जाणत्या बायका सांगतात ते खरे मानावे का, असे त्यांचे मुख्य तीन प्रश्न आहेत.

ताई, मी गेली बावीस वर्षे सांगे, केपे, धारबांदोडा आणि सत्तरी या तालुक्यांत परसबाग, कंदपिके आणि गावठी बियाणे या कामात आहे, आणि आपण वर्णन केलेली गोष्ट मी किमान आठ-दहा वाड्यांवर जवळून पाहिली आहे. आपला मळा बायकांच्या आळसामुळे किंवा एकीच्या अभावामुळे बुडाला असे आपल्याला कोणी ऐकवले असेल, तर ते मनावर घेऊ नका. जे काम प्रत्येक घराच्या परसात अधिक सोपेपणाने होते तेच काम सामायिक जागेवर करायला सांगितले गेले, आणि जे काम एकट्या घराला जमत नाही ते मात्र कोणीच हाती घेतले नाही, हे माझ्या मते मूळ कारण आहे.

हे नीट समजण्यासाठी अन्नसुरक्षा म्हणजे आपल्या वाड्यापुरते नेमके काय, हे आधी ठरवावे लागेल. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य गटातील घराला माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळते, त्यामुळे तांदळावाचून चूल थंड राहिली असे आता सहसा घडत नाही. कमी पडते ते तांदळाबरोबरचे. कडधान्य, पालेभाजी, कंद आणि फळ या गोष्टींसाठी आज वाड्यावरचे घरसुद्धा आठवड्याच्या बाजारावर अवलंबून आहे, आणि गोव्याच्या बाजारातली भाजी मुख्यतः बेळगावहून घाट उतरून येते. मार्च 2020 मध्ये सर्व बंद झाले तेव्हा गोव्यात काही दिवस भाजीच काय, वाणसामानाची दुकानेही उघडी नव्हती. त्या दिवसांत मी ज्या घरांशी फोनवर बोलत होते, त्यांतील ज्यांच्या परसात कणगी हा वेलाचा कंद आणि सुरण जमिनीखाली होते आणि मडक्यात अळसांदे, म्हणजे गावठी चवळी, होते, त्यांच्या बोलण्यात घाबरेपणा नव्हता. ही घरे श्रीमंत नव्हती. त्यांच्याकडे पुरमेंत, म्हणजे अडीअडचणीसाठी साठवलेले अन्न, होते आणि पुढच्या पेरणीचे बी होते, एवढाच काय तो फरक.

आता कुमेरीविषयी. जाणत्या बायका सांगतात ते खरे आहे, पण ते अर्धे आहे. डोंगरउतारावर रान तोडून, जाळून, त्या राखेत नाचणी, वरी, तूर, कुळीथ, उडीद, तीळ, मिरची, काकडी, भोपळा अशी पिके एकाच तुकड्यात घेतली जात, आणि दोन-तीन वर्षांनी तो तुकडा सोडून पुढे जात. यात शहाणपण मिश्रणाचे होते. श्रावणभाद्रपदात काकडी हाती येई, त्यामागून नाचणी, मग उडीद आणि कुळीथ, आणि शेवटी तूर, म्हणजे एखादे पीक पावसाने किंवा रानडुकराने नेले तरी दुसरे उभे असे. परंतु आषाढात, जुने धान्य संपलेले आणि नवे यायचे असताना, उपासमारही होत असे, आणि त्या दिवसांत कडू कंद राखेत उकडून, पाण्यात ठेवून, पुन्हा उकडून खाल्ल्याच्या आठवणी त्याच बायका सांगतात, मात्र खोदून विचारले तरच. शिवाय सोडलेला तुकडा पुन्हा रान होण्यासाठी बरीच वर्षे लागत आणि त्यासाठी आजूबाजूला मोकळा डोंगर असावा लागे. आज तो डोंगर एक तर वनखात्याकडे आहे, किंवा खोतीगाव आणि नेत्रावळी या अभयारण्यांत गेला आहे, किंवा त्यावर काजू उभे आहेत. काजूने रोकड दिली हे नाकारता येणार नाही, पण नाचणी आणि वरीचे उतार त्यानेच झाकले. त्यामुळे कुमेरीकडे परत जाण्याचा सल्ला मी देणार नाही. तिच्यातून दोन गोष्टी मात्र घेण्यासारख्या आहेत: एकाच तुकड्यात वेगवेगळ्या वेळी हाती येणारी पिके, आणि प्रत्येक पिकाचे बी घरातच राखण्याची सवय.

यातील दुसरी गोष्ट आपल्या सामायिक जागेचे खरे काम आहे असे मी मानते.

माझा एक जुना अनुभव सांगते. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका वाड्यावर आम्ही असाच भाजीमळा केला होता. बी संकरित होते आणि एकाच आठवड्यात पेरले होते, त्यामुळे भेंडी सगळ्यांची एकदमच तयार झाली. प्रत्येक घरात तीच भेंडी, शेजारच्या वाड्यावरही तीच, आणि बाजारात न्यावी तर तिकिटाचेही पैसे सुटत नव्हते. पुढच्या वर्षी त्याच झाडांचे राखलेले बी पेरले तर झाडे एकसारखी आली नाहीत, काहींना शेंगाच धरल्या नाहीत, आणि नवी पाकिटे देणारी संस्था तोपर्यंत दुसऱ्या तालुक्यात गेली होती. संकरित बियाणे वाईट असते असे मला म्हणायचे नाही. विक्रीसाठी भाजी करणाऱ्या शेतकऱ्याने ते जरूर घ्यावे. पण ज्या मळ्याचे बी दरवर्षी बाहेरून यावे लागते तो मळा वाड्याचा राहत नाही, देणाऱ्याचा होतो, आणि देणारा गेला की तोही जातो.

त्या मळ्याचे दुसरे दुखणे कामाच्या वेळापत्रकात होते. आपल्याकडे जून-जुलैत तरवा (भाताची रोपे) काढणे आणि लावणी, ऑक्टोबरमध्ये कापणी, आणि फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत काजूचा हंगाम असतो. भाजीला पाण्याची सर्वांत जास्त गरज मार्चमध्ये लागते, आणि नेमकी तेव्हाच बाई पहाटेपासून काजूच्या डोंगरावर असते. संध्याकाळी थकून आल्यावर परसातल्या चार वेलांना भांडी धुतलेले पाणी घालणे तिला जमते. देवळापर्यंत जाऊन सामायिक वाफ्यांना घागरी ओतणे जमत नाही, आणि ते जमावे अशी अपेक्षाही आपण धरू नये. पाच जणी उरल्या यात त्या बाकीच्या नऊ जणींचा दोष मला दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला असा आहे. रोजची भाजी प्रत्येकीच्या परसात राहू द्या, आणि सामायिक जागा बियाण्यासाठी आणि लावणीच्या सामग्रीसाठी ठेवा. अर्धा एकर म्हणजे सुमारे 2000 चौरस मीटर होतात, एवढ्याची गरज नाही. पहिली दोन वर्षे 300 चौरस मीटरच धरा, आणि तेही घरांच्या सर्वांत जवळ, जिथे अंगणातून हाक मारली तर माकड पळेल. उरलेली जागा गवतासाठी राहू द्या.

आपल्याला वाटेल की बियाणेसुद्धा प्रत्येकीने आपापल्या घरी राखावे, त्यासाठी सामायिक जागा कशाला? ज्या पिकांत एका फुलाचे परागकण त्याच फुलावर पडतात, त्यांचे बी एकटे घर सहज राखू शकते. भात, अळसांदे, कुळीथ, उडीद आणि वाल ही पिके अशी आहेत. दहा झाडे लावली तरी बी जातिवंत राहते. वांगे, मिरची आणि भेंडी यांचे बहुतेक परागण स्वतःचेच असले तरी मधमाश्या थोडीफार सरमिसळ करतात. दोडका, कारले, भोपळा, काकडी आणि मका यांच्यात मात्र सरमिसळ हाच नियम आहे. शेजारणीने बाजारातला संकरित दोडका लावला असेल, तर आपल्या परसातल्या गावठी दोडक्याचे बी त्याच वर्षी भेसळते आणि आपल्याला ते पुढच्या वर्षी कळते. शिवाय अशा पिकांचे बी एक-दोन झाडांवरून धरत गेले तर वाण पिढ्यानुपिढ्या अशक्त होत जाऊ शकतो. वीस-तीस झाडे तरी हवीत, आणि एका घराच्या परसात वीस भोपळे लावायला जागा कुठली? हे काम वाड्याने मिळून करायचे आहे, आणि यातच सामायिक जमिनीचा उपयोग आहे.

व्यवहारात हे असे करावे. दरवर्षी अशा पिकांपैकी भोपळ्याचा, दोडक्याचा आणि काकडीचा एकेकच वाण निवडून सामायिक जागेत त्यांच्या झाडांची संख्या मोठी ठेवायची, आणि त्या वर्षी वाड्यावर इतर कोणी त्याच पिकाचे बाहेरचे बी लावायचे नाही एवढे सर्वांनी मान्य करायचे. पुढच्या वर्षी दुसरा वाण घ्यायचा. नीट वाळवलेले भोपळ्याचे किंवा दोडक्याचे बी दोन-तीन वर्षे उगवते, त्यामुळे प्रत्येक वाण दरवर्षी लावण्याची सक्ती उरत नाही. काणकोण तालुक्यातील खोल या गावच्या मिरचीचे उदाहरण आपल्या जवळचे आहे. ती पावसाळ्यात डोंगरउतारावर, विहिरीच्या पाण्याशिवाय होते, आणि तिला आता भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मानांकनाचा कागद नंतर आला. त्याआधी कित्येक पिढ्या त्या गावातल्या घरांनी पहिल्या तोडणीतल्या उत्तम मिरच्या वेगळ्या वाळवून पेरणीसाठी ठेवल्या होत्या, आणि आजूबाजूला दुसरी मिरची फारशी नव्हती. वाण टिकला तो यामुळे.

बियाणे साठवण्याविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण गोव्यात बी शेतात मरत नाही, घरात मरते. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस, आणि तोही जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. भिंतीला ओल, कपड्यांना बुरशी. अशा हवेत प्लास्टिकच्या पिशवीत अर्धवट वाळलेले बी ठेवले तर गणेशचतुर्थीपर्यंत त्याला वास येऊ लागतो.

सांगे तालुक्यातील एका गावडा घरात मी अनेकदा गेले आहे. तेथील आजींच्या चुलीवर, डोक्यापासून हातभर उंचीवर, बांबूचा एक मांड आहे. त्यावर धुराने काळ्याभोर झालेले चार-पाच दुधीचे कोंडे, म्हणजे वाळवून पोकळ केलेले दुधी भोपळे, ओळीने निजवलेले असतात. त्यांतला एक त्यांनी माझ्यासमोर उतरवला, तोंडाला घट्ट बसवलेला नारळाच्या सोडणाचा बोळा उपटून काढला, आणि ओंजळीत आतले ओतले तेव्हा आधी मऊ, चाळलेली राख आली आणि तिच्यामागून अळसांद्याचे दाणे आले. त्यांनी एक दाणा दाताखाली धरला. तो कट्ट असा आवाज करून फुटला. "चिरडला असता तर आणखी दोन दिवस उन्हात," त्या म्हणाल्या. मग त्यांनी दुसऱ्या कोंड्याकडे बोट दाखवले आणि सांगितले की हा खायचा, आणि हा पेरायचा, घरात पाहुणे आले, भाजी नसली, तरी पेरायच्या कोंड्याला हात लागत नाही.

धूर किडीला दूर ठेवतो, राख ओल शोषते आणि भुंग्याला हालचाल करू देत नाही, आणि चुलीची ऊब पावसाळाभर दाणा कोरडा ठेवते. आता बहुतेक घरांत गॅस आहे आणि तो असायलाच हवा, पण त्याबरोबर चुलीवरचा मांड गेला हे विसरून चालणार नाही. त्याची जागा घेण्यासाठी मी असे सुचवते: बी मे महिन्याच्या उन्हात तीन-चार दिवस, सकाळी आणि दुपार कलल्यावर वाळवावे, सिमेंटच्या तापलेल्या गच्चीवर थेट नव्हे तर चटईवर. दाताखाली कट्ट वाजल्यावर ते गार होऊ द्यावे. गरम बी भरले तर आत घाम सुटतो. मग चाळलेली राख मिसळून काचेच्या बाटलीत गळ्यापर्यंत भरावे, झाकणावर मेण लावावे, आणि बाटलीवर वाणाचे नाव, घराचे नाव आणि साल लिहावे. पावसात बाटली उघडू नये. प्रत्येक वाणाच्या दोन बाटल्या दोन वेगळ्या घरांत ठेवाव्या, कारण एका घरात पाणी शिरते, उंदीर लागतो, कधी लग्न निघते आणि माणसे विसरतात. पेरणीपूर्वी वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावे. पाच-सहा दिवसांत पंधरा-सोळा उगवले तर बी चांगले समजावे, दहाच उगवले तर दाट पेरावे, आणि त्याहून कमी उगवले तर दुसऱ्या घराची बाटली काढावी.

देण्याघेण्याचा नियम जुनाच ठेवा. बी न्यावे आणि सुगीला दिढीने परत करावे, म्हणजे पायली नेली तर दीड पायली. काही वाड्यांवर दुप्पट घेतात, पण माझ्या अनुभवात दुपटीने गरीब घर मागे हटते. ज्या घरी पीक बुडाले त्याला त्या वर्षी माफी असावी आणि ते पुढच्या वर्षी देईल यावर विश्वास ठेवावा. पैशांत परतफेड मात्र स्वीकारू नये. पैसे घेतले की पेटीत पैसे उरतात आणि बी संपते.

कोणत्या पिकांनी सुरुवात करावी हे जागेवर अवलंबून आहे आणि मी आपला वाडा पाहिलेला नाही, तरी साधारण दिशा देऊ शकते. पहिल्या वर्षी अळसांदे आणि कुळीथ अवश्य घ्या. भात कापल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येतात, पाणी घालावे लागत नाही, काजूच्या हंगामाआधी निघतात, आणि बी धरणे सोपे असल्याने गटाला पहिल्याच वर्षी यश दिसते. नाचणी थोडीच, रोप करून लावा. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होते तेव्हा नाचणीची पुष्कळ चर्चा झाली, आणि 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते ही गोष्ट अंगणवाडीतल्या मुलांसाठी खरोखर महत्त्वाची आहे, पण दळण आणि मळणीची सोय नसेल तर नाचणी पोत्यात पडून राहते, म्हणून आधी गिरणीवाल्याशी बोला. मोर दाणे टिपणारा असेल तर पेरणीनंतरचे दहा दिवस झावळ्यांनी झाकणे भाग आहे.

कंदांविषयी मी अधिक आग्रही आहे. काटेकणगी, झाडकणगी, सुरण, माडी आणि करांदे ही पिके पहिल्या पावसाबरोबर लावायची, ज्यांना वेल येतात ते झाडावर चढवायचे, आणि मार्गशीर्ष-पौषात खणायचे. मधल्या काळात त्यांना जवळजवळ काहीच लागत नाही. काजूच्या दिवसांत ते घराच्या थंड कोपऱ्यात वाळूत झोपलेले असतात. आणि बाकीचे जमिनीतच ठेवून हवे तेव्हा हवे तेवढेच खणता येते, म्हणजे जमीन हेच कोठार. अडचण एकच आहे आणि ती मोठी आहे: रानडुक्कर आणि साळिंदर कंदांच्या वासावर येतात. म्हणून कंद सामायिक जागेत लावू नका. ते परसात, गोठ्याच्या मागे, न्हाणीच्या सांडपाण्याजवळ लावा, आणि कोणत्या घराकडे कोणता कंद आहे याची नोंद गटाकडे ठेवा. सामायिक जागेच्या कडेने हळद आणि मिरची लावावी. माकड त्यांना क्वचितच हात लावते.

पावसाळी रानभाज्यांना, म्हणजे तायकिळा, फागलां, तेरे, लुते, किल्ल, यांना मळ्याची गरज नाही, पण त्या कुठे उगवतात हे मुलांना दाखवण्याची गरज आहे. तेरे आणि लुते यांच्यात घसा खाजवणारे स्फटिक असतात, म्हणून आंबाडे, बिंबली किंवा सोलां असे काही आंबट घालून भरपूर शिजवूनच खातात. ही माहिती भाजीबरोबर गेली नाही तर मूल एकदा घसा धरून रडते आणि पुन्हा कधी ती खात नाही.

येथवर जे सांगितले ते जमिनीच्या मालकीवर सर्वाधिक अवलंबून आहे, आणि आपण आपल्या प्रश्नात तिचा उल्लेख केलेला नाही. देवळाशेजारची जागा देवस्थानची आहे, कोमुनिदादची (गावकऱ्यांच्या सामूहिक जमिनीच्या संस्थेची) आहे, भाटकाराची (जमीनदाराची) आहे की वनखात्याची, हे एक-चौदाच्या (सात-बारासारख्या) उताऱ्यावर पाहून घ्या. गोव्यात 1964 च्या कूळ कायद्यानंतर आणि 1975 च्या मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत घर करून राहणाऱ्यांसाठीच्या, कायद्यानंतर जमीनमालकाला दुसऱ्याने आपल्या जागेत काही लावले की धास्ती वाटते, विशेषतः नारळ-माडासारखे वर्षानुवर्षे उभे राहणारे झाड लावले तर. म्हणून पहिल्याच दिवशी पाच वर्षांची लेखी संमती घ्या आणि तिच्यात केवळ हंगामी पिकेच घेतली जातील असे लिहा. हे मालकाला सोपे वाटते आणि आपल्या कामाला पुरतेही. जागा वनक्षेत्रात येत असेल तर प्रश्न वेगळा आहे. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना 2003 पासून अनुसूचित जमातीचा दर्जा आहे, आणि 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासूनच्या वहिवाटीवर व्यक्तिगत दावा, तसेच गावाचा सामूहिक दावा ग्रामसभेमार्फत करता येतो. त्या कायद्यात गौण वनोपजाच्या व्याख्येत मुळे आणि कंद यांचा स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे रानातले करांदे गोळा करणे हा उपकार म्हणून मागायचा विषय नाही. दाव्याच्या कागदांत जुन्या कुमेरीच्या जागांची वाडीतल्या वृद्धांनी सांगितलेली नावे लिहून घ्या. वृद्धांचे जबाब पुरावा म्हणून ग्राह्य धरले जातात, आणि ते देणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

बियाण्यावरच्या हक्काचीही चिंता काहीजणी करतात. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा आणि विकण्याचाही अधिकार दिला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी त्या नाममुद्रेने पाकिटबंद करून विकता येत नाही. आपल्या गावठी वाणांची नोंद पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडील लोकजैवविविधता नोंदवहीत करून घ्या, आणि त्या नोंदीत वाण ज्या घरात टिकला त्या घराचेही नाव येईल याचा आग्रह धरा. बाहेरचे कोणी वाण मागायला आले तर ते ग्रामसभेतून जावे, एकट्यादुकट्या बाईच्या अंगणातून नव्हे.

आपल्या पत्राच्या शेवटी आपण विचारले आहे की काटेकणगी आणि झाडकणगी वाड्यावर आता कोणाकडेच उरलेली नाही, ती आणायची कोठून. बाजारातून आणण्याआधी वाड्यावरच शोधा. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दोन जाणत्या बायकांना बरोबर घेऊन मोडक्या घरांच्या परसांत, जुन्या गोठ्यांच्या मागे आणि फणसाच्या बुंध्याशी फिरा. खणताना जमिनीत राहिलेला तुकडा वर्षानुवर्षे आपोआप उगवत राहतो. काटेकणगीच्या वेलाला बुडाशी बारीक काटे असतात आणि पाने देठावर एकाआड एक येतात. झाडकणगीचा वेल चौकोनी असतो, त्याच्या चारही कडांना पातळ पंख असतात, आणि पाने समोरासमोर जोडीने येतात. पानाच्या बगलेत हवेत लोंबणारे बटाट्यासारखे गोळे दिसले तर ते बहुधा करांदे, आणि त्यांतले रानातले कडू असतात. तीन-तीन पानांचा वेल असेल तर तो विषारी कंदाचा असू शकतो, तो तसाच सोडा. जो वेल जाणत्या बाईने ओळखला नाही तो खाण्यासाठी खणू नका. ओळखलेल्या वेलाला त्या वेळी लाल दोरा बांधून ठेवा आणि तो मार्गशीर्षात पान पिवळे पडल्यावरच खणा. पहिल्या वर्षीचे सगळे कंद लावणीसाठी राखा, आणि ज्या परसात वेल सापडला त्या घराच्या माणसांना, ती पणजीत किंवा मुंबईत असली तरी, फोन करून आधी विचारा.